अण्णांना गावी पाठवू नका

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई नाशिकच्या, वय ५४. बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. मुलीचं लग्न ठरलंय. होणारे व्याही गंगापूर रोडला राहतात आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी दहा जणांना वाइन टेस्टिंगच्या जेवणाला बोलावलं आहे. पाच वाइन, प्रत्येकीबरोबर एक पदार्थ आणि प्रत्येकीबद्दल थोडी चर्चा, असा बेत आहे. ताईंनी आजवर दारूला स्पर्शही केलेला नाही. त्यांचे यजमान मित्रांबरोबर क्वचित घेतात, पण त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मुलगी म्हणते, "आई, नाही म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल." विहीणबाईंनी फोनवर सांगितलं की रेड वाइन हृदयाला चांगली असते, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुमच्याकडे हं!" ताईंच्या घरात ८२ वर्षांचे माळकरी सासरे आहेत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग होती. ताई विचारतात : तिथे जाऊन मी काय करू? चार लोकांत हसं झालं तर? आमच्याकडे बोलवायचं तर कोणती वाइन, किती, त्याबरोबर काय वाढायचं? अण्णांना त्या दिवशी नणंदेकडे गावी पाठवायचं त्यांनी मनात ठरवलं आहे, "त्यांना कळणारही नाही."

ताई,

तुमच्या पत्रात वाइनबद्दल दहा-बारा प्रश्न आहेत आणि अण्णांबद्दल एवढं एकच वाक्य. पत्र मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा त्याच वाक्यापाशी अडले. त्याच्याकडे येणारच आहे. पण व्याह्यांचा शनिवार जवळ आलाय, म्हणून आधी तिथलं बोलू.

जा. मनापासून जा. न पिणाऱ्या माणसाला अशा जेवणात जागा नसते, हे तुम्ही गृहीत धरलंय. टेस्टिंगमध्ये घोट घेण्याच्या आधीच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. ग्लास पांढऱ्या कापडासमोर तिरका धरून रंग बघायचा. देठाला धरून हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक ग्लासात घालून सावकाश वास घ्यायचा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकच सांगतं. सर्दी झाल्यावर वरण आणि आमटी सारखीच लागते ती त्यामुळेच. हे सगळं तुम्हाला एक थेंबही न पिता करता येतं. जे चाखतात त्यांच्यातलेही पुष्कळजण घोट तोंडात फिरवून बाजूच्या भांड्यात टाकतात. रोज कामासाठी वाइन चाखणारे तर तसंच करतात, त्यात अपमान कुणाचाच नाही. आपल्याकडे ताटातलं टाकणं वाईट म्हणून पाहुण्यांना ते जड जातं, एवढंच.

मात्र विहीणबाईंना आधी फोन करा. आयत्या वेळी टेबलावर "मी घेत नाही" म्हटलं की सगळ्यांच्या नजरा वळतात आणि आग्रह सुरू होतो. दोन दिवस आधी सांगितलं तर ती नुसती माहिती असते. असं म्हणता येईल : "मी पीत नाही, पण मला बघायचंय, शिकायचंय. मला ग्लास द्या, वासापुरतं ओता." यजमानीणबाईंना यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट त्या तुमच्यासाठी दुसरं काही प्यायला ठेवतील. आपल्या मराठी आग्रहाची मला फार माया आहे, पण तो जिलबीपुरता ठीक. दारूचा आग्रह कुणी करू नये आणि कुणी मोडायला लाजू नये. तुमच्या मुलीलाही हे सांगा. तिच्या सासरी तिची आई पहिल्या दिवशी जशी आहे तशी दिसली, तर तिला पुढे सोपं जाईल.

हृदयाचं म्हणाल तर विहीणबाईंनी ऐकलेली गोष्ट जुनी आहे. अनेक वर्षं ती छापून येत होती. पण २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक मानता येत नाही; त्याचा कर्करोगाशी संबंध आहे आणि त्यात वाइनही आली. ज्यांना आवडते त्यांनी आवडते म्हणून थोडी घ्यावी, औषध म्हणून कुणी कुणाला देऊ नये. तुमच्या यजमानांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. आणि परतताना गाडी त्यांनी चालवू नये. पाच वाइनचे पन्नास-पन्नास मिलिलिटर म्हणजे पाव लिटर होते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य अशी आहे, आणि एवढ्या वाइनने ती ओलांडली जाऊ शकते. सुदैवाने घरात गाडी चालवणारं आणि न पिणारं माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही.

आता हसं होण्याची भीती. ही भीती मला चांगली ठाऊक आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या बाजूला अशाच एका टेस्टिंगला गेले होते. परदेशातून आणलेली महागाची एक बाटली उघडली. मला ग्लासातून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, पावसात भिजलेल्या खोक्याचा येतो तसा. बाकीचे मान डोलावत होते, म्हणून मीही "छान आहे" म्हटलं. थोड्या वेळाने ओतणाऱ्या मुलानेच ग्लास हुंगला आणि ती बाटली मागे घेतली. बुचात कधीकधी एक संयुग तयार होतं, त्याने वाइन बिघडते आणि नेमका तसाच वास येतो. माझ्या नाकाने बरोबर सांगितलं होतं. मी ते बोलले नाही, कारण मला वाटलं की इथले शब्द वेगळे असतात आणि ते मला येत नाहीत.

तिथे तुमच्या कानावर ब्लॅकबेरी, गूसबेरी असले शब्द पडतील. ज्यांनी ते शब्द काढले त्यांच्या परसात ती फळं होती. तुमच्या परसात जांभूळ, करवंद, पेरू, आवळा, कैरी आहेत, तेच शब्द वापरा. आपल्याकडच्या सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये बऱ्याचदा हिरव्या ढोबळी मिरचीचा, गवताचा वास येतो; ढोबळी मिरचीला जो वास देतो तोच घटक त्याच नावाच्या द्राक्षातही असतो. शिराझ या लाल वाइनमध्ये काळी मिरी जाणवते, आणि तिथेही तेच : मिरीतला सुगंधी घटक त्या द्राक्षाच्या सालीत सापडतो. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू, नाशपाती, कधी थोडा मध. आणि "टॅनिन" हा शब्द ऐकून दचकू नका. आपण त्याला तुरटपणा म्हणतो. फार वेळ उकळलेल्या बिनदुधाच्या चहाने जीभ कोरडी पडते, कच्च्या जांभळाने हिरड्या आवळतात, तेच ते. लाल वाइन साली आणि बियांसकट आंबवतात, म्हणून तिच्यात तो उतरतो. मराठी बाईला तुरट, आंबट, आंबूस, खमंग, उग्र, वाशेळा एवढे शब्द जिभेवर असतात. यातला एक शब्द नीट वापरलात तरी टेबलावरच्या कुणाला तरी आपल्या ग्लासात पुन्हा डोकवावंसं वाटेल.

एक लहानशी सूचना, जी मला कुणी आधी दिली नव्हती. त्या दिवशी अत्तर, सेंट लावू नका आणि मोगऱ्याचा गजरा माळू नका. गजऱ्याने शेजारच्या तिघांची नाकं बंद होतात. साडी मात्र छान नेसा.

तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय, "हे आपल्या लोकांचं नाही." अर्धं खरं आहे. वाइन आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली नाही, तशी ती असल्याचा आव आणायचंही कारण नाही. पण ती नाशिकची नाही असं आता म्हणता येणार नाही. नाशिकची सुला ही वाइन कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या बाटल्या २००० मध्ये बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं. त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरीच्या बाजूला वायनरी, म्हणजे वाइनचे कारखाने, उभ्या राहिल्या. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, कारण आपल्या शेतकऱ्याने वेलीला वर्षातून दोनदा छाटायला शिकून पावसाळ्याला बगल दिली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, मग थंडीत दिवसा ऊन आणि रात्री गारवा यात मणी पिकतो. हे ज्ञान वाइन येण्याच्या कितीतरी आधीपासून टेबल, म्हणजे नुसत्या खायच्या, द्राक्षांच्या बागांत होतं. तुमच्या अण्णांच्या हातात होतं.

आणि इथे मी त्या वाक्याकडे येते.

अण्णांना निमित्त काढून गावी पाठवू नका. ८२ व्या वर्षी माणसाला घरातून हलवलेलं कळतं. त्या रात्री नाही कळलं तर आठवड्याने कळेल, नातवंडांच्या बोलण्यातून किंवा रद्दीत निघालेल्या खोक्यावरून. मग त्यांना वाइनचं दुःख होईल त्याहून जास्त या गोष्टीचं होईल की आपल्याच घरात आपली अडचण झाली. तुमचा हेतू त्यांना दुखवायचा नाही, हे पत्रातून स्वच्छ दिसतं. पण त्यांच्या वतीने उत्तर तुम्हीच ठरवलंत, त्यांना विचारलंच नाहीत.

विचारा. यजमानांनी विचारावं, कारण वडील त्यांचे आहेत, आणि तुम्ही शेजारी बसा. दुपारच्या चहाच्या वेळी, सरळ शब्दांत : अण्णा, नवे व्याही असे असे आहेत, त्यांच्याकडे अशी पद्धत आहे, त्यांना आपल्याकडे बोलवायचंय, तुमची इच्छा काय? आणि हे विचारताना तुम्ही "नको" ऐकायला खरोखर तयार असा. होकार काढून घेण्यासाठी विचारलं तर ते म्हाताऱ्या माणसाच्या लगेच लक्षात येतं.

ते "नको" म्हणाले, तर घरात वाइन नको. इतकं साधं ठेवा. माळ हे त्यांचं व्रत आहे आणि ते त्या घरात पन्नास वर्षं पाळलं गेलंय, दोन तासांच्या जेवणासाठी त्याला धक्का लावू नये. तेव्हा व्याह्यांना साधं जेवायला बोलवा आणि त्यांना खरं कारण सांगा. वाइनच्या जेवणाची परतफेड वाइननेच करायची असा नियम कुणी केलाय? त्यांनी त्यांच्या घरातलं सर्वांत आवडतं तुमच्यापुढे ठेवलं, तुम्ही तुमच्या घरातलं ठेवा. विहीणबाईंनी तुमच्या हातची डाळिंबीची उसळ आणि पुरणपोळी खाल्ली तर त्या काही ग्लास मोजत बसणार नाहीत. फारच वाटलं तर नंतर एखाद्या दुपारी त्यांना एखाद्या वायनरीच्या उपाहारगृहात जेवायला न्या. गंगापूर धरणाच्या बाजूला बसून जेवायला जागा आहेत. मला स्वतःला विचाराल तर, अण्णा काहीही म्हणाले तरी मी पहिल्यांदा घरचं जेवणच देईन. पण निर्णय तुमचा.

ते म्हणाले, "तुम्ही घ्या, मला चालेल," तर मग पुढचं ऐका. पुढचं तुमच्यासारख्या आणखी घरांनाही लागू आहे. पहिल्यांदा बोलावणारे लोक हमखास जास्त करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठ माणसं आणि तीन वाइन बस्स. व्याह्यांनी पाच केल्या म्हणून तुम्ही सहा करू नका. एका बाटलीत ७५० मिलिलिटर असतात. चाखायला प्रत्येकी पन्नास मिलिलिटर म्हणजे आठ जणांना चारशे, उरलेली जेवणाबरोबर. एकेक बाटली पुरते. तिन्ही नाशिक जिल्ह्यातल्या घ्या : एक शेनिन ब्लाँ, एक सोव्हिन्यो ब्लाँ, एक शिराझ. परदेशी बाटलीच्या मोहात पडू नका. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के शुल्क राहिलंय, त्यामुळे किमतीतला मोठा हिस्सा बाटलीच्या आत नसतोच. महाराष्ट्रात मद्य घ्यायला-प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्या आणि बिल जपून ठेवा. कुणी हॉल घेऊन असा कार्यक्रम करणार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी जाऊन यावं, तिथले नियम घरापेक्षा वेगळे आहेत.

क्रम हलकीकडून जडकडे, पांढरीकडून लालकडे. पांढऱ्या वाइन दुपारीच फ्रिजमध्ये ठेवा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती खोली थंड देशातली. लाल वाइनला १६ ते १८ अंश बरे, आणि आपली बैठकीची खोली फेब्रुवारीतही संध्याकाळी त्याहून गरम असते. म्हणून तीही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. गरम लाल वाइन नाकाला नुसती दारूसारखी झोंबते. ग्लास काचेचे, पातळ, तोंडाशी किंचित निमुळते. माणशी दोन पुरतात आणि भाड्याने मिळतात. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन, सुती कापडाने पुसून उघड्यावर ठेवा, साबणाचा वास राहायला नको. दिवेलागणीची उदबत्ती त्या दिवशी देवघरातच, दार लोटून. बैठकीत धूप, रूम फ्रेशनर काही नको.

जेवणाबद्दल तुम्हाला वाटतंय की चीज, पास्ता करावं लागेल. कशासाठी? फक्त तिखट आवरा. मद्याने मिरचीची आग भडकते आणि तुरट लाल वाइन तर तिखटाबरोबर खरखरीत लागते. म्हणून ठेचा, झणझणीत रस्सा, लोणचं त्या दिवशी बाजूला. कोथिंबीर वडी आणि सुरळीची वडी सोव्हिन्यो ब्लाँबरोबर द्या, तळलेल्या आणि खोबऱ्याच्या चवीला तिचा आंबटपणा चांगला कापतो. डाळिंबीची उसळ ओल्या नारळाची, गुळाचा खडा घालून, ती शेनिन ब्लाँबरोबर. शेनिन किंचित गोडसर मिळाली तर थोडं तिखटही निभतं. शिराझबरोबर वांग्याचं भरीत, चुलीवर नाहीतर गॅसवर चांगलं काळं होईपर्यंत भाजलेलं, वर कच्च्या तेलाची धार, आणि ज्वारीची भाकरी. भाजल्याचा धुरकट वास आणि शिराझची मिरी, ही जोडी मला फार आवडते. पुरणपोळीबरोबर मात्र वाइन ओतू नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट वाटते. तिच्याबरोबर तूप आणि दूधच. मधे मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि भाकरीचा तुकडा, चिवडा-फरसाण नाही.

न पिणाऱ्यांसाठी त्याच ग्लासात, त्याच वेळी काहीतरी चांगलं द्या. तुम्ही स्वतः यजमान असाल आणि तुमच्याच हातात स्टीलच्या पेल्यात पाणी असेल, तर पाहुण्यांना उगाच अपराधी वाटतं. फेब्रुवारीत बाजार द्राक्षांनी भरलेला असतो. काळ्या द्राक्षांचा रस घरी काढा, गाळा, गार करा. कोकम सरबतही उत्तम.

आणि अण्णा. त्यांना यायचं नसेल तर त्यांचं ताट त्यांच्या वेळेला, त्यांच्या खोलीत, आधी. पण यायचं असेल तर त्यांना मध्यभागी बसवा. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडून वाइनच्या द्राक्षाचा एक घड मिळवा आणि थॉमसन या खायच्या द्राक्षाच्या घडाशेजारी ठेवा. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. टेबल द्राक्षात लोकांना मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो, आणि तो तसा आणण्यासाठी अण्णांनी वर्षानुवर्षं विरळणी केली, मणी फुगवणाऱ्या द्रावणात घड बुडवले, डावणी-भुरी या रोगांशी झगडले. वाइनवाल्याला नेमकं उलटं हवं असतं : जास्त साल, जास्त रंग, आणि गोडी चढेपर्यंत वेलीवर थांबायची तयारी, कारण त्या साखरेचंच पुढे मद्य होतं. हा फरक तुमच्या टेबलावर अण्णांइतका कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यांनी बोलावं म्हणून मागे लागू नका. घड समोर असला की बागायतदाराचा हात आपोआप तिकडे जातो.

तारीख ठरवताना पंचांग बघा. एकादशी, महाशिवरात्र टाळा. अण्णांचा हरिपाठ साडेसातला संपतो, असं तुम्ही लिहिलंय. पाहुण्यांना आठला बोलवा. बाटल्या तोवर फ्रिजमध्येच राहू द्या.